डोमाजी मास्तरांना किती वॉट हवे होते

निहार आणि सई,

हे मराठीत लिहिते आहे, कुरकुर नको. सईला सावकाश का होईना वाचता येतं, निहारला त्याच्या बाबाने वाचून दाखवावं. मला इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं, कारण माझं सगळं शिक्षण नागपूरला इंग्रजीतच झालं. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं इंग्रजीत बोलू लागली की मलाच ती ओळखू येत नाहीत.

निमित्त निहारचं आहे. मागच्या महिन्यात त्याने फोनवर आपले नवे स्पीकर दाखवले आणि विचारलं, "आजी, यांना ॲम्प्लिफायर किती वॉटचा घेऊ? दुकानदार दोनशे म्हणतो." मी म्हटलं, "तू ऐकतोस तेवढ्याला एक वॉट पुरतो." तो हसला. मागून सईही हसली. मला राग आला नाही. कुरखेड्याच्या आमच्या दुकानात तीसेक वर्षं गिऱ्हाइकं याच उत्तराला असंच हसत आली. त्याच आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी दुकानाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं, एकाच लेखात दोघांचं काम होऊन जाईल. शिवाय दुकानातलं आठवणारं माणूस आता घरात मी एकटीच उरले आहे.

दुकान तुमच्या आजोबांचं. आधी रेडिओचं होतं, मग टेप आणि ॲम्प्लिफायरचं झालं. मी फिजिक्स शिकलेली, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत आमची वाटणी आपोआप झाली. गिऱ्हाईक, खरेदी, नागपूरहून बसने येणारी पार्सलं हे त्यांच्याकडे, आणि मागच्या टेबलावरचं काम माझ्याकडे. टेबल माझं होतं, त्यामुळे स्वच्छ होतं. प्रत्येक स्क्रू वाटीत, प्रत्येक वाटी जागेवर. सुरुवातीला लोक दारातूनच विचारायचे, "भाऊ कुठी गेले?" मी सांगायची, नागपूरला. "मंग उद्या येतो," म्हणून बिघडलेला सेट तसाच काखेत मारून परत जायचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की उद्या भाऊ आले तरी सेट बाईच उघडणार. मग माझं नाव मशीनवाली बाई पडलं. ते नाव मला आवडायचं.

आम्ही ॲम्प्लिफायर स्वतः जोडून विकत असू. पत्र्याचा डबा, आत ट्रान्सफॉर्मर, पुढे तीन बटणं: आवाज, जाड सूर, बारीक सूर. धान विकलं की किंवा घरात लग्न निघालं की लोक घ्यायला यायचे आणि पहिला प्रश्न एकच असायचा. किती वॉटचा?

आता हे वॉट प्रकरण तुम्हाला सरळ सांगते. वॉट म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरला किती जोर देतो ते. लोकांना वाटतं, दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज. कान तसा चालत नाही. वॉट दुप्पट केले तर कानाला जेमतेम कळतं की काहीतरी वाढलं. आवाज दुप्पट झाला असं वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणून वीसच्या जागी चाळीस वॉटचं मशीन घेऊन घरी जाणारा माणूस नव्या डब्याचं कौतुक करतो, आवाजाचं नाही.

हे तोंडाने सांगून कोणी ऐकत नसे. म्हणून मी एक पद्धत ठेवली होती. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, त्याच्याच आवडीची कॅसेट लावायची आणि आवाजाचं बटण त्याच्या हातात द्यायचं. घरी ऐकता तेवढं वाढवा, आणि बस वाटलं की बस म्हणा. तो बस म्हणाला की स्पीकरच्या तारांना लावलेला मीटर त्याच्याकडे फिरवायचा. आमच्या स्पीकरला काटा पावणेतीन व्होल्टपाशी आला म्हणजे एक वॉट. बहुतेकांचा काटा त्याच्या खालीच असायचा. मग ढोलकीवर जोराची थाप पडली की काटा एकदम उडायचा आणि परत यायचा. त्या उडीसाठी मशीनमध्ये जोर शिल्लक लागतो, आणि त्यासाठीच वीस-तीस वॉट ठेवायचे. जोर संपला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज स्पीकर जाळतो. निहार, घरात ऐकायला याहून जास्त शास्त्र नाही. चांगला स्पीकर, तीस वॉट, आणि बटण अर्ध्याच्या पुढे न नेणारा हात.

एक तेंदूपत्त्याचे ठेकेदार होते. त्यांच्याही मीटरचा काटा एक वॉटच्या खालीच थांबला. ते बराच वेळ काट्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "बाई, ते बराबर हाये. पण शेजाऱ्याले थोडीच काटा दिसते? त्याले डबा दिसते." त्यांना आम्ही मोठा डबा करून दिला. आत मशीन तेच होतं, आणि हे त्यांना माहीत होतं. जाताना मला म्हणाले, "आतलं तुमच्या मताचं, बाहेरचं माह्या मताचं."

डोमाजी मास्तर असे नव्हते. ते नदीपलीकडच्या गावचे, पेटीमास्तर. आपल्या भागात धान कापून झालं की गावोगावी नाटकं होतात, हे तुम्ही लहानपणी एकदा पाहिलं आहे. सई मांडीवर झोपली होती. वडशाच्या नाटक कंपन्या बैलबंडीने, पुढे ट्रकने गावोगाव जात आणि मांडवात रात्रभर नाटक चाले. त्या नाटकांत गाणी असतात, आणि गाणं पेटीवाला उचलून देतो. नटाने ठरलेलं शेवटचं वाक्य म्हटलं की त्याच क्षणी पेटीचा सूर आला पाहिजे. एक श्वास उशीर झाला की नट तोंड उघडून उभा राहतो आणि लोक हसतात. डोमाजी मास्तरांचा सूर कधी चुकत नाही, अशी त्यांची ख्याती होती. उन्हाळा-पावसाळा शेती आणि हंगामात पेटी, असं त्यांचं आयुष्य. बोलणं कमी, धोतर पांढरं स्वच्छ, आणि दुकानात आले की माझ्या टेबलाकडे बघून म्हणायचे, "बाई, तुमचं टेबल म्हंजे आमच्या पेटीच्या पट्ट्या. कोनती कुठी हाये, आंधयानं बी सांगावं."

त्यांनी आमच्याकडून पंचवीस वॉटचं मशीन आणि दोन स्पीकरचे डबे नेले. दिवाळीनंतर काही दिवसांनी सून वनिता मशीन घेऊन आली. "बाई, मामाजी म्हंतात, पावर उतरली."

मी टेबलावर लावून पाहिलं. पावर जागेवर होती. परत पाठवलं. आठवडाभरात मशीन पुन्हा आलं, या वेळी मास्तर स्वतः घेऊन आले. त्यांच्यासमोर लावलं, दुकानात खणखणीत वाजलं. मास्तर गोंधळले. "इथी वाजते बाई. घरी गेलं की निजते."

तेव्हा मी मोपेडवर त्यांच्यामागून त्यांच्या घरी गेले. बैठकीच्या दारातच थांबले. जमिनीपासून वाशांपर्यंत धानाची पोती. तिन्ही भिंती दिसत नव्हत्या. मधल्या फटीत स्पीकरचे डबे कोंबलेले आणि समोर खाट. मी टाळी वाजवली. टाळी हातातच मेली. पोत्यांनी भरलेल्या खोलीत आवाज कुठे आपटून परतच येत नाही, तागाची पोती आणि आतलं धान तो गिळून टाकतात, त्यातही बारीक सूर आधी. आम्ही दोन्ही डबे काढून पोत्यांच्या वर, पुढच्या कडेला ठेवले आणि खाट जवळ ओढली. मशीनला हातही लावला नाही. गाणं जागं झालं.

वनिता चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "म्हंजे धान गाणं खाऊन राह्यलं होतं का जी?"

मास्तर हसले. "खाऊ दे. आपून त्याले खातो, त्यानं आपलं थोडं खाल्लं त का झालं."

ती गोष्ट तालुक्यात पसरली. त्यानंतर दरवर्षी मळणी झाल्यावर कोणी पावर उतरली म्हणत आलं की तुमचे आजोबा गल्ल्यावरूनच विचारायचे, "धान घरात आलं का?" आलं असलं तर मशीन उघडायचंच नाही. डबे पोत्यांवर ठेवा, सांगून परत. माझ्या माहितीत ही तक्रार फक्त धानाच्या मुलखातली आहे.

यानंतर काही वर्षं गेली. एकदा पोळ्याच्या सुमाराला मास्तर दुकानात आले आणि म्हणाले, "बाई, पावर उतरली."

पोळ्याला कुणाच्या घरात धानाची पोती नसतात. धान शेतात उभं असतं.

"मले शंभर वॉटचं पाह्यजे," ते म्हणाले. "याच्यात शब्द कळत नाई. मशीन शब्द खाते."

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. शंभर वॉटचं मशीन फळीवर तयार होतं. मी म्हटलं, आधी घरी येऊन बघते.

खोली रिकामी होती. टाळी वाजवली, टाळी फिरून आली. मी मीटर लावला आणि त्यांना नेहमीसारखं ऐका म्हटलं. त्यांनी कॅसेट घातली. गाणी नव्हती, तालमीत भरून आणलेले नाटकाचे संवाद होते. आवाजाचं बटण त्यांनी बरंच पुढे नेलं. बारीक सुराचं बटण आधीच शेवटाला टेकलेलं होतं. काटा दहा वॉटच्या जवळ नाचत होता. अंगणातून शेजारची म्हातारी ओरडली, "डोमा, गावाले नाटक दाखवून राह्यला का रे?" आणि मास्तर डावीकडे मान कलवून, डोळे मिटून, ओठ हलवत एकेक वाक्य पकडायचा प्रयत्न करत होते.

मी त्यांच्या मागे उभी होते. कॅसेट संपून बंद झाली तेव्हा मी तिथूनच, साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, कोणतं नाटक आहे हे?"

ते वळले नाहीत. दारात वनिता उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी निघाले तशी ती फाटकापर्यंत सोबत आली. "बाई, गेल्या हंगामात दोन ठिकानी पेटी मागं पडली. सारे म्हनले, मास्तर म्हातारे झाले, डुलकी लागली. ते बी तेच म्हनले. डुलकीच लागली म्हनले. आता कंपनीवाले दुसरा मास्तर पाहून राह्यले. म्हनून हे सारं नाटक पाठ करून राह्यले. कोनत्या शब्दावर गानं येते, सारं पाठ. पन टेपातलं बी आयकू येत नाई त पाठ तरी कसं कराव?"

"तुम्ही त्यांना बोललात?"

"मी सून. मी काऊन बोलू?"

मी परत आत गेले. मास्तर टेपाच्या शेजारी बसून होते. मी त्यांच्या डाव्या अंगाला बसले.

"मास्तर, मशीन चांगलं आहे."

"मंग दोष कुठी हाये?"

मी टेपातली कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. ती हातात धरून ते म्हणाले, "कोंबड्याचं येते आयकू. पाटाच्या पान्याचं येत नाई. दोन सालं झाले." मग म्हणाले, "बाई, हे तुमच्या टेबलावरच राहू द्या."

मी त्यांना गडचिरोलीला दवाखान्यात जायला लावलं. डॉक्टरांनी कान तपासले, वयाप्रमाणे बारीक सूर गेले आहेत, डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे म्हणाले, आणि कानाचं मशीन लावून दाखवलं. त्या काळात ते खिशात ठेवायचं डबीएवढं असे आणि तिथून कानापर्यंत वायर जात असे. मास्तरांनी ते एकदा लावून पेटी वाजवली आणि काढून ठेवलं. "पेटी शिट्टी वाजवते याच्यात. अन् कानात वायर घालून बसलो त लोक नाटक नाई पाह्यनार, मले पाह्यतीन." शंभर वॉटचं मात्र पुन्हा विचारलं. मी देणार नव्हते. शब्दांतले स, श, क, ट हे बारीक असतात, आणि तेच त्यांच्या कानातून गेले होते. जोर वाढवला की अशा कानाला जाड सूरच वाढलेले कळतात आणि शब्द आणखी बुडतो. उरलेला कानही त्यात गेला असता.

त्या रात्री जेवताना मी तुमच्या आजोबांना मांडवाचं चित्र काढायला सांगितलं, कारण नाटकाचं वेड त्यांना होतं. त्यांनी पाटीवर काढलं: वर नटांचे माईक, दोन्ही बाजूंना लोकांकडे तोंड करून भोंगे, आणि मध्ये, रंगमंचाच्या खाली पुढे, पेटी आणि तबला. मी म्हटलं, "म्हणजे पेटीवाल्याकडे एकही भोंगा बघत नाही."

"नाहीच बघत. त्याला लोकांवरून फिरून आलेलं ऐकू येतं."

"मग चांगल्या कानाच्या माणसालाही ते कठीणच आहे."

ते चावता चावता थांबले. "बोल, काय बनवायचंय?"

अंतराचा हिशोब असा असतो: उघड्यावर अंतर निम्मं केलं की वॉट चौपट केल्यासारखं होतं. म्हणजे वीस फुटांवरचा भोंगा मोठा करण्यापेक्षा दोन फुटांवर एक लहानसा डबा ठेवणं बरं. मी तसा एक डबा केला. पाच वॉटचं मशीन आतच, पुढे लहान स्पीकर, आणि जाड सूर मुद्दाम कापलेले, म्हणजे फक्त बोलण्यातला शब्द पुढे येईल. नटांच्या माईकवरून एक तार त्याला द्यायची.

हंगामाच्या आधी वडशाला तालीम असे, दुपारच्या वेळी, एका गोदामात. मी आणि आजोबा डबा घेऊन गेलो. तिथे एक तरुण पेटीवाला आधीच कोपऱ्यात बसवलेला होता. मास्तरांनी त्याला पाहिलं, नमस्कार केला आणि आपल्या जागी बसले. त्यांचे हात पेटीवर होते. मी त्यांच्या डाव्या हाताला डबा ठेवला.

कंपनीचे मालक म्हणाले, "हा कायले जी?"

मी म्हटलं, "भोंगे लोकांकडे तोंड करून आहेत. वाजवणाऱ्याला नटाचा आवाज मागून फिरून येतो, शब्द शिळा होतो. हा ताजा देतो." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"आजवर त कोन मांगितला नाई."

"आजवर कोणी दिला नाही," आजोबा म्हणाले.

तालीम सुरू झाली. नायिकेचं काम करणारी बाई बापाशी भांडते आणि शेवटचं वाक्य अगदी खाली आवाज नेऊन म्हणते, त्यावर गाणं होतं. गेल्या हंगामात पेटी मागे पडली ती याच जागी. ती बोलू लागली. मास्तर डब्याकडे झुकले नाहीत, मानही कलवली नाही. नेहमीसारखे ताठ, समोर बघत बसले होते. वनिता गोदामाच्या दाराशी पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. बाई शेवटच्या वाक्यावर आली, आवाज खाली गेला, इतका की मला मागे नीट कळलाही नाही. आणि तिचा शेवटचा शब्द पुरा होता होता सूर आला. नेमका. तिने गाणं उचललं.

मालकांनी पुढचं चालू द्या म्हणून हात केला. पहिला अंक संपला तेव्हा तबलजी, तो तर मास्तरांहून कितीतरी लहान, डब्याकडे हात करून म्हणाला, "बाई, थोडा इकडं फिरवा ना. मले बी पाह्यजे ताजा."

मास्तर म्हणाले, "तुले कायले? तुह्या त तबल्यालेच कान हाये."

सगळे हसले. कोपऱ्यातला तरुण पेटीवाला उठून जवळ आला आणि डबा कसा जोडला ते विचारू लागला. त्या हंगामाला तो दुसऱ्या कंपनीत गेला, जाताना आमच्याकडून तसाच एक डबा करून घेऊन.

मास्तरांच्या कानाचं गुपित वनिताला, मला आणि तुमच्या आजोबांना ठाऊक होतं. पुढे वडशाला कोणाला कळलं असेल तर कोणी बोललं नाही. ते नंतर बरेच हंगाम वाजवत राहिले. कान आणखी उतरला तसा मी डब्यातला बारीक सूर थोडा थोडा चढवत गेले, दर दिवाळीला, टेबलावर, दार लोटून. एका वर्षी ते आले आणि म्हणाले, "बाई, यंदा डबा नोको. बोटं आखडून राह्यले." त्यांनी आपल्या हाताने जागा सोडली, कोणी त्यांना उठवलं नाही. वनिताने मला पुढे सांगितलं की या एकाच गोष्टीचं त्यांना फार समाधान होतं.

आता मास्तर नाहीत, तुमचे आजोबाही नाहीत. दुकानाच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. मुलगा बरा आहे, मला खुर्ची देतो. घरी बसून गाणं ऐकायला चांगले स्पीकर कोणी घेत नाही, लग्नाच्या गाडीवर भिंतीएवढे लावतात आणि छाती हादरली म्हणजे ऐकलं असं समजतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्यांचे कान त्यांचे आहेत. मी जोडलेली मशीनं बहुतेक भंगारात गेली असतील. जी गेली नसतील त्यांचा मला पत्ता नाही.

त्या लहान डब्यासारखी आता विकतची, माझ्या डब्याहून चांगली यंत्रं मिळतात. मागच्या हंगामात वनिताच्या नातवाने मला नाटकाला नेलं, तेव्हा मी पुढे जाऊन पाहिलं. पेटीवाला विशीतला होता आणि कान त्याचे धडधाकट. ते यंत्र डाव्या हातालाच का ठेवायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे तिथेच ठेवतात, म्हणाला. तिथेच ठेवतात अजून.